हॉर्नेटवरून बी-२५ उडाली कशी?

प्रश्न: १८ एप्रिल १९४२ चा डूलिटल हल्ला, म्हणजे अमेरिकेने हॉर्नेट या विमानवाहू जहाजावरून बी-२५ विमानं उडवून जपानवर केलेला बॉम्बहल्ला. एवढी मोठी १६ बॉम्बर विमानं जहाजावरून उडवली कशी? आणि परत तिथेच का नाही उतरवली?

प्रतिसाद १: मागे विमानं खेटून उभी, त्यामुळे सगळ्यात आधी उडालेल्या डूलिटलला (हल्ल्याचा प्रमुख) धावायला मिळाले जेमतेम ४६७ फूट. जहाज वाऱ्याच्या तोंडाला पूर्ण वेगात, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) खाली, इंजिनं पूर्ण ताकदीवर, मग ब्रेक सोडायचे. झेंडेवाला इशारा द्यायचा तो लाटेचा अंदाज घेऊन, म्हणजे विमान टोकाला पोचेल तेव्हा जहाजाचं नाक वर उचललेलं असेल. डेकवर दोन पांढरे पट्टे होते: एक नाकाच्या चाकाला, एक डाव्या चाकाला. पट्टा सुटला की उजवा पंख जहाजाच्या मनोऱ्याला लागणार. मोकळी जागा सहाएक फूट.

प्रतिसाद २: खरी करामत इंधनाची. ६४६ अमेरिकी गॅलनवरून ११४१ वर नेलं. पोटाखालच्या बंदुका काढून तिथे ६० गॅलनची टाकी, शिवाय पाच-पाच गॅलनचे दहा डबे, उडताना हाताने ओतायला. शेपटीत बंदुकांऐवजी काळे रंगवलेले दांडे!

प्रतिसाद ३: जहाजावर उतरताना तार पकडून विमान थांबवणारा हूकच नव्हता, म्हणून आधीपासूनच चीनमधले तळ ठरलेले. पण जपानी टेहळणी बोटीने पाहिलं आणि सुमारे दहा तास आधीच, जपानच्या किनाऱ्यापासून साधारण ६५० सागरी मैलांवरून निघावं लागलं. हल्ल्यानंतर चीनला पोचेपर्यंत रात्र, पाऊस, इंधन संपत आलेलं. १५ विमानं नष्ट झाली, सोळावं सोव्हिएत रशियात व्लादिवोस्तोकजवळ उतरलं.