बारीक सोनं पॅनमधून का निसटतं

कॅनडाच्या युकॉनमध्ये डॉसनजवळ बोनान्झा क्रीक या ओढ्यावर वाळू धुऊन सोनं शोधताना बारीक सोनं पॅनमधून (वाळू धुवायच्या पसरट ताटातून) वाहून का जातं, असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा कारण तेलकटपणा असतं. नव्या प्लास्टिक पॅनला किंवा हाताला तेलाचा अंश राहिला की पिठासारखे कण बुडतच नाहीत, पाण्यावर तरंगतात. पॅन साबणाने नीट घासा, पाण्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचा एक थेंब टाका.

दुसरं म्हणजे घाई. पॅन पाण्याखाली आडवा धरून आधी जोरात हलवा. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, काळ्या वाळूतल्या मॅग्नेटाइटची (चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाची) साधारण ५.२ पट, म्हणून सोनं तळाला जातं. मगच तिरपा करून वरचा थर सोडा, अधूनमधून पुन्हा हलवा. उरलेली काळी वाळू तिथेच धुऊन संपवायचा हट्ट नको. घरी वाळवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने मॅग्नेटाइट उचला.

बोनान्झा क्रीकवरचा क्लेम ६ (क्लेम म्हणजे सोनं काढायचा हक्क असलेला जमिनीचा पट्टा) सगळ्यांना खुला आहे. आजूबाजूच्या क्लेमवर मात्र मालकाला विचारल्याशिवाय फावडं लावू नका.