मदत हवी आहे: शेती झोनमध्ये बियाणे संशोधनाची शेड बसते का?

नमस्कार मंडळी. जालन्याजवळ आमच्या जमिनीवर बियाणे संशोधनाचं छोटं केंद्र आहे. सातबारा शेतीचा, झोन दाखल्यातही शेती विभागच. तूर-हरभऱ्याचे चाचणी प्लॉट, शेडनेट, उगवणक्षमता तपासायची खोली, यावर आजवर कुणाची हरकत नव्हती. यंदा वाळवणीचा ओटा आणि ग्रेडिंग मशिनसाठी शेडची परवानगी मागितली, तर थेट नामंजुरी. कारण एका ओळीत: ‘प्रक्रिया हा औद्योगिक वापर आहे.’ शेजारच्या प्लॉटिंगवाल्याने धुळीची तक्रार केली होती म्हणे. शेताला खेटून प्लॉट पाडायचे आणि वर धुळीची तक्रार, काय बोलावं!

चाचणीतला प्रत्येक वाण वेगळा मळून, वाळवून, ओलावा मोजून, चाळून ठेवल्याशिवाय पुढच्या हंगामाचं काम सुरूच होत नाही. विक्रीला आम्ही एक पोतंही भरत नाही. मग हा उद्योग कसा?

नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 47 खाली 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, ते करणारच. पण वकीलसाहेब म्हणतात, 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागात जे वापर चालतात, त्यांचा आधार घ्या. दुसरा सल्ला असा की झोन बदलूनच घ्या. ती कलम 37 ची वाट मला नको; दोन गुंठ्यांच्या शेडपायी अख्खा गट औद्योगिक कशाला करू?

मुख्य वापर संशोधनाचा, शेड त्याला पूरक, असा मुद्दा कुणी अपिलात मांडलाय का? परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांचं पत्र जोडलं तर वजन पडतं का? आदेशाची प्रत असेल तर नावं झाकून टाका.