मदत हवी आहे: हिरव्या मिरचीचं लोणचं थंडीभर टिकेल असं घालायचंय

मंडळी, कपिलतीर्थ मार्केटमधनं दोन किलो हिरव्या मिरच्या आणल्यात. जाड सालीच्या, पण एक चिरली तर घरभर ठसका! धुऊन, पुसून पंख्याखाली पसरल्यात. देठाच्या खळगीत मात्र अजून ओल दिसते, आणि बुरशी धरते ती तिथनंच.

किलोला पाव किलोच्या आत मीठ, मोहरीची डाळ, हळद, हिंग, तळून कुटलेली मेथी. तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून. इथवर ठरलंय. अडलंय आंबटावर. सासूबाई म्हणतात लिंबूच, शेजारच्या काकू म्हणतात व्हिनेगरशिवाय टिकत नाही. मला व्हिनेगरचा वास लोणच्यात नको वाटतो. मग किलोला लिंबाचा रस किती? आणि रसात आधी मुरवून नंतर तेल, की सगळं एकदमच? बरणी चिनीमातीची आहे, फ्रिजमध्ये मावणार नाही.