मदत हवी आहे: नाट्यशिक्षणासाठी बीए की बीएफए?

नमस्कार मंडळी. मुलीला विद्यापीठात नाटक शिकायचंय. बीएफएमध्ये (ललित कलांची पदवी) अभिनय, आवाज, देहबोली यांचा रोजचा सराव आणि प्रवेशाला बहुधा ऑडिशन. बीएमध्ये नाटकासोबत इतर विषयांनाही वाव, एवढं समजलं. माझी खरी काळजी वेगळीच आहे. विद्यापीठाच्या नाट्यविभागाने येत्या हंगामाची नाटकं जाहीर केलीत, पण भूमिका मिळतात कोणाला? एमएफएचे (ललित कलांतल्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी असले की पदवीच्या मुलांच्या वाट्याला नुसती गर्दीतली कामं येतात का? तिला प्रकाशयोजनेचीही ओढ आहे. पहिल्याच वर्षी विंगेत उभं राहून काम शिकता आलं, तर मला ते मोठ्या भूमिकेइतकंच मोलाचं वाटेल. अशा विभागात शिकलेल्यांनी कृपया सांगा, अर्ज भरण्याआधी तिथल्या शिक्षकांना नेमकं काय विचारावं?