मदत हवी आहे: डरकाळी लिहू का डुरकणी? लवकर सांगा

बोडीकाठचा: डरकाळी अन डुरकणी यात फरक काय? कागद आजच द्यायचा आहे, कचेरी संध्याकाळी बंद होते. कोशाच्या लिंका टाकू नका. दोनातला एक शब्द सांगा, बस.

मास्तरीणबाई: वाघाची डरकाळी, बैलाचे डुरकणे, सिंहाची गर्जना, गाईचे हंबरणे, म्हशीचे रेकणे, घोड्याचे खिंकाळणे, हत्तीचा चीत्कार, मोराचा केकारव. प्राथमिक शाळेतल्या मुलांना पाठ असतं हे. कितवीचा पेपर आहे?

बोडीकाठचा: पेपर नाही मॅडम. अन हत्ती, मोर कोणी विचारला?

चुलबंदचा: हत्तीले हसू नका भाऊ. २०२१ मध्ये छत्तीसगडातून गडचिरोलीत कळप उतरला, तेव्हापासून धानाच्या बांध्या तुडवणं काय असते ते लोकांनी पाहिलं. चीत्कारही शिकून ठेवा, कामी येईल.

नरनाळा_अकोला: बाकी सोडा. जनावर कोणतं ते सांग ना आधी.

बोडीकाठचा: जनावर माहीत असतं तर इथं कायले आलो असतो?

कोशकिडा: दोन्ही शब्द आवाजावरूनच आलेले दिसतात, म्हणून घोळ होतो. डरकाळी 'फोडतात'. ती एकदम सुटते आणि लांब जाते. डुरकणं घुमत राहतं. दुसरा बैल समोर आला की मान खाली घालून, खुरानं माती उकरत चालतं ते. 'डरकाळ्या फोडणे' माणसालाही वापरतात, निवडणुकीत तर सर्रास. तुमचा मजकूर काय आहे? पूर्ण वाक्य द्या, त्याशिवाय सांगता येणार नाही.

नरनाळा_अकोला: आमच्याकडे गोऱ्हाही डरकते अन वाघही डरकते. हा उकार पुस्तकवाल्यांचा आहे. काहीही लिही, समजते लोकांना.

चुलबंदचा: अकोल्यात वाघ कधी ऐकला बाप्पा तुम्ही? कॅलेंडरावर?

नरनाळा_अकोला: मेळघाट नकाशातून पुसला का? देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी आहे तो, ताडोबाच्या किती आधीचा! अन नरनाळ्याचं जंगल आमच्याच जिल्ह्यात येते. वाघ काय फक्त चंद्रपूरवाल्यांनाच दिला का सरकारनं?

सफारी_नागपूर: वाघावरून आठवलं, २०२२ मध्ये कुनोला आणलेले चित्ते डरकाळी फोडूच शकत नाहीत. ते पक्ष्यासारखे चिवचिवतात, मांजरीसारखे घुरघुरतात. व्हिडिओ हवा असेल तर सांगा.

बोडीकाठचा: नको.

जुना_वनमजूर: भाऊ, हे सगळे भांडत राहतील. गाव कोणत्या बाजूचं? आवाज किती वाजता झाला? एकदाच का थांबून थांबून? गोठ्यातल्या ढोरांनी काय केलं? अन कागद कोणाले द्यायचा आहे?

बोडीकाठचा: ब्रह्मपुरीकडचं. हरभऱ्याले पाणी द्यायले गेलो होतो, लाइन रात्रीच येते आमच्याकडे. बोडीच्या, म्हणजे शिवारातल्या लहान तळ्याच्या, पलीकडून आवाज झाला, आऊं... मग थोडा दम खाऊन पुन्हा आऊं. मोटर चालूच ठेवून गावात आलो. ढोरं उभीच होती, दावं ओढून राहिली होती. अर्ज वनविभागाले आहे, गस्त वाढवा अन कॅमेरा लावा म्हणून. गावाच्या सह्या झाल्या. मी 'डुरकणी ऐकू आली' लिहिलं, टायपिंगवाल्यानं त्याची डरकाळी केली. आता अर्धे लोक म्हणतात डुरकते तो बैल, अर्ज हसण्यावारी जाईल. बाकीचे म्हणतात तूच ऐकलं, मग तुझाच शब्द ठेव.

मास्तरीणबाई: मग डरकाळीच लिहा. शुद्धही तेच आहे.

जुना_वनमजूर: थांबा बाई, शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न नाही हा. शिवारात मोकळा सांड आहे का?

बोडीकाठचा: आहे ना. देवाले सोडलेला. तो रोजचाच आहे, त्याचं काय सांगायचं?

कोशकिडा: हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!

जुना_वनमजूर: असू द्या. ऐका भाऊ. वाघ डरकाळी फोडते ते बहुधा दुसऱ्या वाघाले सांगायले, इलाखा माझा आहे म्हणून, नाहीतर जोडीदार बोलवायले. रात्रीच्या शांततेत ती तीन किलोमीटरपर्यंत जाते. म्हणून आवाज बोडीकडून आला म्हणजे वाघ बोडीवरच होता असं होत नाही. शिकारीवर असलेला वाघ चूप असते. गुरगुर ऐकू आली तर मात्र तो जवळ आहे समजा. पळायचं नाही, पाठ करायची नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागं सरकायचं. बिबट असला तर करवतीनं लाकूड कापल्यासारखी खरखर येते, ती तुम्ही सांगितली नाही. सांडाचं डुरकणं घुमते, पण ढोरं त्याच्या सवयीची असतात, दावं तोडायले उठत नाहीत. मला तरी वाघच वाटते. पण अर्जात माझं वाटणं चालत नाही अन तुमचंही नाही.

नरनाळा_अकोला: मग काय कोरा कागद द्यायचा?

जुना_वनमजूर: आवाजाचं नाव सोडा. तारीख, वेळ, गट नंबर, आवाज कोणत्या दिशेनं आला, ढोरांनी काय केलं, एवढं लिहा. आत्ता उजेड आहे तोवर चारजण मिळून बोडीच्या चिखलात पगमार्क पाहा. मांजर कुळाच्या पावलात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. दिसला तर त्यावर टोपलं पालथं घाला, नाहीतर शेळ्या तुडवतील. अन १९२६ वर फोन करा, वनविभागाचाच आहे, कागदाची वाट कायले पाहता?

सफारी_नागपूर: चितळाचा कॉल आला होता का? सांबराचा 'ढांक'? वानर खाकरलं का? अलार्म कॉलशिवाय वाघ सिद्ध होत नाही.

चुलबंदचा: हरभऱ्याच्या शेतात सांबर कुठून आणता साहेब? माणूस मोटर सोडून पळाला, तोच अलार्म.

बोडीकाठचा: फोन लावला, नोंद घेतली त्यांनी. पगमार्क पाहाले पोरं गेली आहेत. अर्जात 'मोठ्या जनावराचा आवाज' केलं अन सांडाची ओळ वेगळी टाकली.

मास्तरीणबाई: दिवसा लाइन द्या, हेही त्यातच टाका ना.

बोडीकाठचा: ते खातं वेगळं आहे मॅडम. त्याचा अर्ज मागच्या साली दिला आहे, त्यात जनावराचं नावही बरोबर होतं.