बॅकडोअरला 'चोरदरवाजा' म्हणावं का?

रूटकारकून
एक शब्द अडलाय, मदत करा.

एका पतसंस्थेतल्या कर्मचाऱ्यांसाठी संगणक सुरक्षेवर १६ पानी मराठी पुस्तिका लिहून देतोय. पासवर्ड, ओटीपी, फिशिंग ही मंडळी मराठीत कधीच रुळली, त्यांना हात लावलेला नाही. सहाव्या पानावर बॅकडोअर (सॉफ्टवेअरमध्ये आत शिरायला गुपचूप ठेवलेली वाट) आला आणि मी बिनधास्त 'चोरदरवाजा' लिहून मोकळा झालो. संस्थेचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी लाल पेनने शब्द खोडला आणि समासात लिहिलं, "चोराने पाडलेले दार असा अर्थ होतो. 'मागील दार' करावे."

मला नेमका उलटा अर्थ हवाय. चोर पाडतो ते भगदाड. बॅकडोअर ठेवतो तो घर बांधणारा, किंवा बांधकामावर हात असलेला कोणीतरी. उदाहरण याच संस्थेतलं आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'सपोर्ट' नावाचं एक खातं निघालं. संस्थेतल्या कोणीही ते उघडलेलं नव्हतं आणि त्याला सगळे अधिकार होते. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "साहेब, ती तुमचीच सोय आहे. रात्री-अपरात्री काही अडलं तर आम्हाला बाहेरून येता यायला नको का?" पासवर्ड विचारला, तर तो त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच. म्हणजे एका गावातल्या कारकुनाला कळला की जिल्हाभरची तिजोरी उघडी.

तर मंडळी, चोरदरवाजा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर आधी कोण येतं, चोर की किल्लेदार?

गडभटक्या
किल्लेदार. दुसरं कोण येणार? चोरदरवाजा किल्ला बांधणाराच बांधतो. वेढा पडला, महादरवाजा जायची वेळ आली, की निरोप धाडायला आणि माणसं उतरवायला ती वाट. रायगडावर महादरवाज्याकडून टकमक टोकाकडे तट जातो, त्याच्या शेवटाच्या जरा अलीकडे बुरुजात चोरदिंडी आहे. आतून पायऱ्या उतरून दाराशी जाता येतं. आठ वेळा रायगड केला, पहिल्या तीन वेळा मला ती दिसलीच नव्हती.

तुमच्या अध्यक्षांना एकदा घेऊन जा. गुडघे दुखत असतील तर रोपवे आहेच.

आजोळ
चोर शब्द पुढे जोडला की अर्थ 'लपवलेला' असा होतो. चोरखिसा, चोरकप्पा, चोरवाट, चोरपावलं. चोरओटीच घ्या ना. त्यात चोर कोण, सासू की सून?

आजीच्या शिसवी पेटीला चोरकप्पा होता. तो आजोबांनाही माहीत नव्हता, असं ती अभिमानाने सांगायची. ज्या सुताराने पेटी केली त्याच्या घरी ती दर दिवाळीला न चुकता फराळाचं ताट पाठवायची. मला लहानपणी वाटायचं, किती मोठ्या मनाची आहे आजी. तुमचा विक्रेता वाचून आज उलगडा झाला.

रूटकारकून
आजोळताई, हे मी पुस्तिकेत घालणार! सुतारासकट.

शुद्धाक्षरी
मुळात दरवाजा हा शब्द फारसी. घरात संस्कृत 'द्वार' आणि त्यावरून आलेलं आपलं 'दार' असताना परक्याच्या दारात का जायचं? शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय उगीच? माझ्या मते 'गुप्तद्वार'. नेमका आणि भारदस्त शब्द आहे.

टंकचूक
गुप्तद्वार वाचल्यावर मला संगणक दिसला नाही हो. त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातला तक्ता दिसला.

शुद्धाक्षरी
थट्टा करणं सोपं असतं. 'दिनांक' आणि 'महापौर' सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसले असतील. आज वापरताच ना?

टंकचूक
वापरतो. आणि घरी 'आज तारीख काय?' असंच विचारतो. तुमच्या कोशानंतरही हवालदार हवालदारच राहिला की. गडाचं दार तोच लावायचा.

निमशहरी
अध्यक्षांच्या 'मागील दार'बद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. आमच्याकडे कोकणात मागलं दार म्हणजे घराचा अर्धा संसार. चुलाण तिथे, भांडी तिथे, कढीपत्ता तिथेच. शेजारच्या काकू पुढच्या दाराने आल्या तर आई घाबरते, कोणाचं काही बरंवाईट झालं की काय. मागल्या दाराने येतो तो आपला माणूस. त्या शब्दाने कर्मचाऱ्यांना भीती कशी वाटणार?

दुसरीकडे वर्तमानपत्रांतला 'मागच्या दाराने प्रवेश' आहे. निवडणूक हरलेला पुढारी विधान परिषदेवर गेला की हमखास छापून येतो. त्यात दार सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त त्यातून जाणं शोभत नाही. संगणकातला बॅकडोअर या दोन्हींत बसत नाही.

(आणि 'परसदार' सुचवायला कोणी धावू नये. 'परसाकडे जाणे' वर्गात शिकवून दाखवा मग बोलू.)

रूटकारकून
निमशहरी, अगदी बरोबर. 'कोणाला ठाऊक' हाच कळीचा मुद्दा आहे. मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण सांगतो.

एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी, लिनक्स या संगणक प्रणालीच्या जवळपास प्रत्येक आवृत्तीत असलेली साधीशी गोष्ट. ती सांभाळणारा मूळ माणूस एकटा आणि थकलेला. 'जिया टॅन' नावाने कोणीतरी २०२१ पासून मदत करू लागला. छोट्या दुरुस्त्या, नीट वागणं. दुसरीकडून काही खाती मूळ माणसामागे टुमणं लावत होती, की काम रेंगाळतंय, आणखी कोणाला तरी अधिकार द्या. अधिकार मिळाले. मग ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत बॅकडोअर आला. चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवलेल्या दिसणाऱ्या फाइलींच्या पोटात तो दडवला होता. तो बाहेर काढणारा एक तुकडा तर सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हताच, फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होता. नगरपालिकेला दाखवलेला नकाशा एक आणि प्रत्यक्ष बांधकाम दुसरं, तसं.

सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता डेबियन या लिनक्सच्या 'अनस्टेबल' (अजून पक्की न झालेल्या) आवृत्तीवर वेगाची मोजमापं घेत होता. एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायच्या सोयीने) लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! आपल्यासारखा 'नेट स्लो असेल' म्हणून चहाला गेला असता. त्याने मागोवा काढला आणि २९ मार्चला जाहीर केलं. तोवर ते सर्वांच्या रोजच्या स्थिर आवृत्त्यांत पोचलं नव्हतं, म्हणून वाचलो.

आता शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाचं. तो बॅकडोअर सापडला असता तरी तुम्हा-आम्हाला उघडता आला नसता. ज्याने ठेवला त्याच्याच गुप्त किल्लीने तो उघडणार होता. भगदाडातून कुत्रंसुद्धा आत येतं. याला कुलूप होतं, आणि किल्ली एकाच्याच कनवटीला. म्हणून मी चोरदरवाजावर अडून बसलोय.

गडभटक्या
पण मग उलट झालं राव! गडावरचा चोरदरवाजा धन्यासाठी असतो. इथे धन्याला पत्ता नाही आणि गवंड्याकडे किल्ली. हा चोरदरवाजा नव्हे, ही फितुरी.

रूटकारकून
फितुरी ही कृती झाली. मला वस्तूचं नाव पाहिजे.

चेकसही
३१ वर्षं बँकेत काढली, म्हणून एक टोचणी. तुम्ही सगळे दाराचं नाव शोधताय. आमच्याकडे प्रश्न वेगळा असायचा, दार बांधताना सोबत दुसरा कोण होता? व्हाउचर एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं. मेकर-चेकर. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. सभासदाच्या बखरीत गडांच्या कारभाराचं वाचा: हवालदार, सबनीस आणि सरनोबत, तिघे एका प्रतीचे, कारभार तिघांनी मिळून करायचा. एकटा फितूर झाला तरी गड जाऊ नये ही त्यामागची व्यवस्था. तुमच्या एक्सझेडमध्ये थकलेला एकच हवालदार होता आणि दुसरा नेमला तोच नेमका शत्रूचा.

पुस्तिकेत शब्द कोणताही घाला, हे मात्र लिहा.

रूटकारकून
लिहितो काका. 'मेकर-चेकर' असंच लिहितो. त्याला मराठी शब्द शोधायला निघालो तर पुस्तिका पुढच्या वर्षी निघेल.

शुद्धाक्षरी
'कर्ता-पडताळक'.

टंकचूक
निघालीच बघा पुढच्या वर्षी.

पाणपोई
सगळा धागा वाचला. हिरकणी कशी आठवली नाही कोणाला? गडाचे दरवाजे बंद, बाळासाठी कडा उतरून गेली, महाराजांनी साडीचोळी दिली आणि तिथे बुरूज बांधला. दोष दाखवणाऱ्याला बक्षीस आणि लगेच दुरुस्ती. आजच्या कंपन्या हेच करतात आणि त्याला बग बाउंटी म्हणतात.

गडभटक्या
आख्यायिका आहे हो ती. आणि प्रत्येक सुरक्षा व्याख्यानात तिसऱ्या स्लाइडवर असते.

आजोळ
आख्यायिका असो, पण शब्दासाठी उपयोगी आहे. हिरकणीचा कडा कोणी ठेवलेला नव्हता, तो नुसता राहून गेला होता. चोरदिंडी ठेवलेली असते. राहून गेलेल्या जागेला आपल्याकडे सुरेख शब्द आहे, वर्म. वर्मावर बोट ठेवणे, वर्मी घाव. सरकारी भाषांतरांत त्याला 'भेद्यता' म्हणतात, ते वाचून माणूस पानच उलटतो.

रूटकारकून
वर्म! हा शब्द घेतला. व्हल्नरेबिलिटी या शब्दाने मला दोन रात्री छळलंय. 'या आवृत्तीत तीन वर्मं सापडली.' बोलताना जरा अडखळतं, पण चालेल.

शुद्धाक्षरी
'सापडली' नव्हे, 'आढळली'.

दूरदेशी
रात्रपाळीला बसून वाचतोय, इकडे पहाटेचे साडेतीन झालेत. एक शंका. बॅकडोअर उघडपणे मागितला तर? १९९३ मध्ये अमेरिकन सरकारने क्लिपर चिप पुढे केली. फोनवरचं बोलणं ती सांकेतिक करणार, पण किल्लीचे दोन भाग सरकारच्याच दोन खात्यांकडे ठेवायचे, गरज पडली की जोडून ऐकायचं. दिवसाढवळ्या, पत्रक काढून. पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने तिच्या आखणीतलं वर्म दाखवलं (बघा, लगेच वापरला!) आणि दोन-तीन वर्षांत ती गुंडाळली गेली. आता याला चोरदरवाजा म्हणणार? सगळ्या गावाला माहीत होतं. चोर म्हणजे लपलेला, हा आजोळताईंचा नियम इथे तुटतो.

आजोळ
आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत असलेला चोरखिसाही चोरखिसाच असतो. शिंप्याचं बिल बघा, त्यावर तसंच लिहिलेलं असतं.

निमशहरी
क्लिपरला 'दिंडी' म्हणा. मोठ्या दारातलं छोटं दार. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यात आहे तसं. ज्याला आत घ्यायचं तो एकेकटा, वाकून येणार. मी तर म्हणतो फायरवॉलमधल्या (संगणकाला बाहेरच्यांपासून राखणाऱ्या तटातल्या) पोर्टलाही, म्हणजे ये-जा करायच्या नंबर दिलेल्या वाटेलाही, दिंडीच म्हणावं. सगळं बंद, फक्त २२ नंबरची दिंडी उघडी.

टंकचूक
आषाढात २२ नंबरची दिंडी पंढरपूरला जाते. घोटाळा होईल. बाकी फायरवॉलला एका पुस्तकात 'अग्निभिंत' वाचलंय. आगीची भिंत की आगीपासून वाचवणारी, देव जाणे. मुलाने चित्र काढलं त्यात सर्व्हरभोवती होळी होती.

पाणपोई
आजोळताईंच्या नियमाला एक अपवाद. चोरबाजार! तिथे चोर पुढेच आहे, पण बाजार काही लपलेला नाही. मुंबईत टॅक्सीवाल्यालाही माहीत असतो.

दूरदेशी
तो मुळात 'शोर बाजार' ना? गलक्यावरून. साहेबाला श म्हणता येईना म्हणून चोर झाला, असं वडील सांगायचे.

टंकचूक
शिलिंग म्हणता येत होतं, शोर म्हणता येत नव्हतं? कानाला गोड लागलेली व्युत्पत्ती आहे ती, बाकी काही नाही.

दूरदेशी
वडिलांचं दुकान होतं तिथे.

टंकचूक
मग दुकानाचा भाव मान्य, व्युत्पत्ती नाही.

रूटकारकून
मंडळी, पुस्तिका आज छपाईला गेली. चोरदरवाजा लिहून अध्यक्षांना सुताराची गोष्ट वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्या घरची कपाटं कोणी केली ते विचारलं पाहिजे." मग शब्द मान्य केला. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने मुद्रितावर नजर टाकली आणि विचारलं, "सर, चोरदरवाजा म्हणजे बॅकडोअरच ना?" आता दोन्ही ठेवलेत. 'सपोर्ट' खातं बंद केलं. विक्रेत्याने त्याच संध्याकाळी फोन करून विचारलं, की आत का येता येत नाहीये. संस्थेने त्याला काम सांगितलेलंच नव्हतं.

चेकसही
मग कशाला येत होता आत?

रूटकारकून
तेच लेखी विचारलंय काका. उत्तर नाही अजून.

पाणपोई
आजोळताई, राहून गेलं. चोरओटी तिसऱ्या महिन्यात ना? आमच्याकडे तिला चोरचोळी म्हणतात आणि सासूबाई पाचव्यावर ठाम आहेत.