मदत हवी आहे: घरच्या काबर्ने फ्राँक वाइनमधलं मॅलिक आम्ल जातच नाहीये

सेनेका लेककाठची (फिंगर लेक्स, न्यूयॉर्क) काबर्ने फ्राँक द्राक्षं, 23 लिटरची काचेची बरणी. साखर संपली आहे, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं) 0.995. पीएच 3.28. मॅलोलॅक्टिक बॅक्टेरिया (मॅलिकचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणारे) घालून पाच आठवडे झाले, तरी क्रोमॅटोग्राफीच्या (कोणती आम्लं आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीच्या) निळसर कागदावर मॅलिकचा पिवळा ठिपका ठसठशीत उठतो.

तळघर 15 अंशांवर होतं, म्हणून बरणीला गरम करणारा पट्टा लावून दोन आठवडे 20 अंश ठेवलं. दर आठवड्याला गाळ ढवळला. द्राक्षं चुरडताना 50 पीपीएम सल्फाइट (बॅक्टेरियाला रोखणारं) घातलं होतं, नंतर अजिबात नाही. (ढोबळी मिरचीसारखा वास आहे, पण तो या जातीचाच, त्याची तक्रार नाही.)

बॅक्टेरिया गाळून काढायला फिल्टर नाही, त्यामुळे मॅलिक शिल्लक असताना बाटल्या भरल्या तर आतच गॅस धरेल.

आधी लिटरला अर्धा ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट घालून पीएच चढवू, की कमी पीएच सोसणारा बॅक्टेरिया थेट घालू? आणि तो वाइनला सरावायला किती दिवस द्यायचे?